परक्या घराचा नकाशा

९ जून
इंग्लंडचं काम आलं एकदाचं! एका शेतकऱ्याचं घर, साडेपाचशे वर्षांचं. तिकडून मोजमापं आणि फोटो येतात, मी इथं सोलापुरात बसून नकाशे काढायचे. घरबसल्या आहे ते बरं — आण्णांना एकटं सोडता येत नाही. फुप्फुसातला कॅन्सर आता पाठीच्या मणक्यात उतरलाय.

१२ जून
आण्णांनी विचारलं, दिवसभर त्या कॉम्प्युटरमध्ये काय बघतेस. फोटो दाखवले. म्हटलं, आधी हे एकच उंच दालन होतं. मधोमध जमिनीवर जाळ, धुराडं नाही. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. आण्णांना ते लगेच पटलं. थंडीचं बराबर हाय म्हणाले. आणि मेंढरं कुटं? जन्मभर मेंढरांमागं फिरलेला बाप माझा! मी फोटो पुन्हा चाळले.

१६ जून
आता रोज संध्याकाळी विचारतात — त्या घराचं पुढं काय झालं? आज सांगितलं, शंभरेक वर्षांनी कुणीतरी धुराडं बांधलं, वर माळा घातला. धूर गेला, पण छपराची लाकडं अजून काळी आहेत. त्यावरूनच कळतं, खाली जाळ होता.
आण्णांनी डोळे मिटले. मग म्हणाले, मला गावाकडं ने. आपल्या घरात.

१७ जून
जोतिरामला फोन केला. म्हटलं, आण्णांना आणते, घर झाडून ठेव. धाकटा भाऊ माझा, गावीच असतो.
"आक्का, घर पाडलं."
घरकुल मंजूर झालंय. भिंत त्याच्या पोराच्या अंथरुणावर झुकली होती म्हणे. एक फोन करता आला नाही? आण्णांनी स्वतः दगड रचून बांधलेलं घर! मी न्हाणीत जाऊन रडले.

२० जून
आण्णा जेवले नाहीत. "न्हेतीस कवा?" एवढंच.

२१ जून
सांगून टाकलं. ते भिंतीकडं वळले.
"मी बी पाडलं हुतं," म्हणाले. "माज्या बाचं. गवताचं छप्पर हुतं. म्हातारा लई रडला हुता."
दम लागला. थांबले.
"त्येला काय बोलू नगंस. मला ने तेवडं."

२३ जून
जीप करून आणलं. सांगोल्यापर्यंत झोपले होते, पुढं टक्क जागे. घराच्या जागी सपाट जमीन. जेसीबीनं काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. कडेला फक्त माळवदाच्या तुळया रचलेल्या, विकायला काढलेल्या. आण्णांनी खाट त्यांच्याजवळ टाकायला लावली. एका तुळईवरून हात फिरवला, तळवा काळा झाला. फोटोतली लाकडं अशीच दिसतात.
जोतिराम लांब उभा होता. आण्णांनी त्याला हाक मारून पाणी मागितलं. त्याच्याच हातून प्यायले. मी नाही बोलले त्याच्याशी.

२५ जून
आण्णा गेले. सकाळी, शेळ्या सोडायच्या वेळेला.
सरणाला त्याच तुळया लावल्या. जोतिरामनं कुणाला विचारलं नाही. यावेळी त्यानं मला विचारायला हवं होतं, असं मलाही वाटलं नाही.

१४ जुलै
इंग्लंडचे नकाशे पाठवून दिले. छान झालेत म्हणाले. संध्याकाळ जाता जात नाही.

११ ऑगस्ट
जोतिराम आला होता. कॉम्प्युटरवरचं घर उभ्यानंच बघत राहिला. "आक्का, आपलं बी काढून दे की."
बसलो दोघं. चार भिंती काढल्या, दार काढलं. चूल मी दाराच्या समोर काढली. तो म्हणाला, न्हाय, डाव्या कोपऱ्यात. मी खोडली. मग त्यालाही खात्री वाटेना.
"थांब, आण्णास्नी इचारू," तो म्हणाला.