विलासचा अध्याय

जुईनगर,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास, शहाजीचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी सकाळी अंघोळ करून देवापुढे बसलो, दिवा लावला आणि पाटावर पोथीऐवजी कादंबरी ठेवली. सौ. हसली. पण रोज एक अध्याय वाचायचा आणि तो संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, वाचनाची एवढीच रीत मला ठाऊक. पुस्तक आमच्या ज्ञानेश्वरीनं कॉलेजातून आणलं. म्हणाली, पप्पा, कधीतरी माणसांचंही वाचा.

पहिल्या अध्यायात थोरला भाऊ सांगतो की धाकट्यानं सामाईक विहिरीवरची मोटर काढून नेली. मला सगळं पटलं. कळंबोलीला वजनकाट्यावर बसून दिवसभर मनात धाकट्याला बोल लावले. दुसऱ्या दिवशी पान उलटतो तर धाकटाच बोलू लागला. त्याचंही पटलं. तिसऱ्या दिवशी थोरल्याची बायको. तिच्या मते दोघंही येडे. तेही पटलं, याचा मात्र फार त्रास झाला. अक्का, पोथीत सांगणारा एकच असतो, निर्धास्त हात जोडता येतात. इथं आपला राग रोज नव्या माणसावर हलवावा लागतो. ज्ञानेश्वरी म्हणते, कोण खरं ते तुम्ही ठरवायचं. मग लेखकानं काय केलं?

आता गावच्या यात्रेचं. तुझ्या मनालीच्या लग्नात भाचीला उचलून बोहल्यावर न्यायचा मान थोरल्या मामाचा, म्हणजे माझा. मी हॉलबाहेरच्या मारुतीला नारळ फोडायला गेलो तेवढ्यात धाकट्या विलासनं तो मान हिसकावला. वर्ष होत आलं, त्यानं शब्द काढलेला नाही. तो सीवूड्सहून यात्रेला येणार असेल, तर मी कोणत्या पंगतीला बसायचं ते कळव.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
शहाजी


आंबवडे,
ता. १८ फेब्रुवारी

चि. शहाजीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता भाजी करपली. तरी पत्रच लिहीत जा, फोनवर तू नुसता हं हं करतोस. कादंबरीतलं मला काय कळतं? पण थोरल्याच्या बायकोला माझा नमस्कार सांग.

लग्नाचं तू प्रत्येक पत्रात लिहितोस. आता माझंही ऐक. अंतरपाट धरलेला, गुरुजी मामा मामा करून ओरडत होते. मला मान कुणाचा ते बघायचं नव्हतं, उचलायला दोन हात हवे होते. जो भाऊ आधी दिसला त्याला ढकलला पुढे. मनालीला विचारलं तर ती म्हणते, मामा असा कापत होता की आता पडते की मग, एवढंच आठवतं. विलासला काय वाटलं ते मी सांगणार नाही. त्याला तोंड आहे, आणि त्याचं घर तुझ्यापासून रिक्षाच्या अंतरावर.

पंगत एकच बसेल. भाऊबीजेला तुम्ही वेगवेगळे आलात, मी पुरणपोळ्यांना दोनदा उभी राहिले. माझे गुडघे तुमच्या भांडणाला पुरत नाहीत. एकत्र येणार नसाल तर दोघंही येऊ नका.

माया दोघांवर सारखीच आहे, हे रागात लिहिते आहे.

अक्का


जुईनगर,
ता. ३ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवापुढे ठेवून बसलो. काट्यावर गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोनदा तोलल्याशिवाय मी पावती देत नाही. विलासची मात्र एकाच तोलात फाडली होती. रविवारी कादंबरी पिशवीत घातली आणि सीवूड्स गाठलं. वैशालीनं दार उघडलं आणि आधी विचारलं, भाऊजी, कोणी गेलं का.

विलासला म्हटलं, तुझा अध्याय सांग, मी मधे बोलणार नाही. तो सुटलाच. त्याच्या मते मी अंग चोरलं. मनाली शालू-दागिन्यांसकट जड, म्हणून थोरला मामा मारुतीच्या मागे लपला आणि धाकट्याच्या कमरेत उसण भरली. किती दिवस पट्टा बांधून ऑफिसला गेला, पण थोरल्या भावानं कंबर कशी आहे एवढंही विचारलं नाही, म्हणून त्याचं बोलणं बंद. मी मान गेला म्हणून रुसलेलो, तो ओझं आलं म्हणून. नारळाची गोष्ट सारखी माझ्या ओठावर येत होती, पण रीत ती रीत. त्याचं संपल्यावर मी कंबर कशी आहे ते विचारलं. तो म्हणाला, दादा, बरी होऊन जुनी झाली. आधी वैशाली हसली, मग आम्ही.

कादंबरीचा राहिलेला अध्याय तिथंच मोठ्यानं वाचला. तो विहिरीचा निघाला, विहीरच सांगते. विलास म्हणाला, हे मात्र अति झालं. मला तिचंही पटलं.

आज यात्रेची तिकिटं काढली, शेजारशेजारची. एकच पान मांडलंस तरी चालेल. सामान सगळं मी उचलणार आहे.

आमच्यावरची माया आता वेगवेगळी वाढायला नको.

तुझे,
शहाजी आणि विलास