मॅगपायला लावलेली शिस्त

२ सप्टेंबर, सकाळी ९.१०
कोपऱ्यावरच्या निलगिरीतल्या मॅगपाय पक्ष्याने आज माझ्या टाळूवर झडप घातली. रक्त आले. घरट्यात अंडी आली की या जातीचे नर पिसाळतात आणि अख्खे बेंडिगो गाव डोक्यावर आइस्क्रीमचे डबे उपडे घालून हिंडते. मी हिंडणार नाही. सायकॉलॉजीची बी.ए. आहे, १९७१ ची. प्राणी शिक्षेने शिकतो. दोन आठवडे पुरेत. आमचा बोल्स क्लब, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळाचा, त्या झाडासमोरच. २७ ला महिला करंडकाचा अंतिम सामना, आणि अकरा वर्षे कर्णधार मी. रस्ता बदलण्याचा प्रश्नच नाही.

३ सप्टेंबर
छत्री उगारली, ओरडले. उडाला. शिकतो आहे.

५ सप्टेंबर
तीनदा झडप. हे अपेक्षितच होते. वाईट सवय सुटण्याआधी एकदा उसळते. मर्वला समजावले. नवऱ्याला सायकॉलॉजी कळत नाही. म्हणाला, "पाखराशी भांडायला इतकी वेळेवर जातेस, चर्चला कधी गेली नाहीस."

८ सप्टेंबर
शेजारची ग्लेनिस, आमच्याच टीममधली, त्याच झाडाखालून रमतगमत जाते. तिला काही नाही. म्हणते कशी, "अगं लॉर्ना, चिमूटभर खिमा टाकते मी त्याला. आता हाक मारली की येतो." लाच! एकतीस वर्षे वर्गात एका कार्ट्याला चॉकलेट दिले नाही मी. ग्लेनिस म्हणाली, "माहीत आहे ना. आमचा शेन अजून झोपेत तुझं नाव घेऊन ओरडतो." शेन त्रेपन्न वर्षांचा आहे. म्हणजे शिक्षेने शिकवलेले टिकते.

११ सप्टेंबर
मर्व म्हणतो, मॅगपाय चेहरे ओळखतात. थोतांड. प्रयोग केला. मी मर्वचा कोट आणि काळा चष्मा घातला, मर्वला सोबत नेले. पक्षी मर्वला ओलांडून माझ्यावर आला. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

१२, १३, १४ सप्टेंबर
तोच प्रयोग. तेच. योगायोग.

१६ सप्टेंबर
मुदत संपली. २६ पर्यंत वाढवली. दोन आठवड्यांची मेहनत आता पाण्यात घालायची का? छत्रीऐवजी झाडू.

१९ सप्टेंबर
तक्रार केली म्हणून कौन्सिलचा माणूस आला. तासभर झाडाखाली उभा. पोस्टमन गेला, शाळेची पोरे गेली, दोन कुत्री गेली. पक्षी गात होता. मग मी गेले. त्या माणसाने माझा झाडू उचलून दिला आणि विचारले, "बाई, तुम्ही त्याचं काय केलंत?" म्हटले, धोक्याची पाटी लावा. म्हणाला, "रस्त्यासाठी पाटी लावतो आम्ही. एका बाईसाठी नाही." उर्मट. नाव लिहून घेतले आहे.

२३ सप्टेंबर
सराव. गोळा टाकायला वाकले, तेवढ्यात पक्षी रस्ता ओलांडून मैदानात. बायका किंचाळत पळाल्या. थेल्मा पळताना पडली, मनगट मुरगळले. पळायला कोणी सांगितले होते?

२५ सप्टेंबर
ग्लेनिस आली. बसली नाही. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू आलीस की तो येतो. तू नसलीस की आम्हाला खेळता येतं. सगळ्यांनी हात वर केले." विचारले, तूसुद्धा? म्हणाली, "मी सगळ्यात आधी." नवी कर्णधार कोण, हे विचारले नाही. तिने सांगितले. ती.

२७ सप्टेंबर
मागच्या गल्लीतून, क्लबच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून जाळीतून सामना पाहिला. ग्लेनिसची मनगटाची पद्धत चुकीची आहे. जिंकल्या.

४ ऑक्टोबर
आठवडाभर दूध, ब्रेड, पोस्ट, सगळे मागच्या गल्लीने. अकरा मिनिटे जास्त लागतात. पण सावली आहे. निर्णय माझा, विचार करून घेतलेला. छत्री नाही, झाडू नाही, आणि पक्षी एकदाही अंगावर आला नाही. शिकला शेवटी. मर्वला सांगितले, माझी पद्धत बरोबर होती.
मर्व म्हणाला, "मग उद्या जा की समोरच्या रस्त्याने."
म्हटले, कशाला? तिकडे आता माझे काम काय.