काळी चारची पट्टी

सेक्टर २, भिलाई

प्रिय अमर,

आज डोकं इतकं तापलंय की शाळेतून आले आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून लिहायला बसले. आठवीच्या मुलांना वार्षिकोत्सवाच्या गाण्यातून काढलं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "आम्रपालीजी, इनकी आवाज़ फट गई है, सिर्फ़ लड़कियाँ रखिए."

पहिलीपासून ही पोरं माझ्या हाताखाली. तेव्हा एकाची टाळी दुसऱ्याशी जुळत नव्हती. तिसरीत ठेका धरला, पाचवीत सूर चुकला की आपणच जीभ चावायला लागली. सहावीत दोन गट दोन वेगळ्या ओळी एकदम म्हणायचे आणि कुणी डगमगायचं नाही. आता कुठे गाणं कळू लागलं, तर आठवड्याला एकच तास, तोही परीक्षा आली की गणिताच्या घशात. त्यावर हे! भात शिजत आला की गॅस बंद करायचा, असला कारभार.

मी चांगलंच सुनावलं. वर्ष-दीड वर्षात आवाज स्थिरावतो, तोवर पट्टी खाली घ्यायची, गाणं थांबवायचं नसतं, म्हटलं. आणि बोलता बोलता मला तू आठवलास.

तूही आठवीतच होतास. रुआबांध्याच्या विहारात चौदा एप्रिलचा कार्यक्रम होता. गायन पार्टीची पेटी माझ्याकडे, पट्टी काळी चार, वीस वर्षांत बदललेली नाही. ढोलकीवाले कवडूमामा तालमीतच म्हणाले होते, "बाई, पोराचा गळा फुटून राहिला. त्याले खालून गाऊ दे ना." मी ऐकलं नाही. एका पोरासाठी पार्टीची पट्टी उतरवायची? शिवाय संगीताच्या बाईचा पोरगा, तो चुकेलच कसा! वरच्या सुरावर तुझा आवाज चिरकला, लोक हसले, आणि मी तुला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलव म्हणाले. त्यानंतर तू तालमीला आला नाहीस. अभ्यासामुळे गाणं सुटलं, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत आले.

ते माझ्यामुळे सुटलं, हे तुला सांगायलाच बसले आहे. माफ कर, बेटा. शाळेतल्या दोनशे पोरांचा सा मला पाठ आहे, पण तुझ्या मोठ्या झालेल्या गळ्याचा सा मी अजून ऐकलेला नाही. रविवारी फोनवर एकदा लावशील? मी पेटी घेऊन बसते. पट्टी तू सांग.

तुझीच,
आई