काळ्या कुंडाचा तळ

बाबा, काल तुमची पहार पुन्हा हातात घेतली. उटनूरच्या वरच्या डोंगरात ते गोल कुंड आहे ना, काळ्या दगडाच्या वाटीसारखं, त्याच्या तळात उभा होतो. कोण्या काळी तिथून आग निघाली म्हणतात. आता ओढा येत नाही, ओढा जात नाही. भोवती कडे आणि साग. पडेल तेवढं पाणी धरून ठेवायचं आणि वरच्या गोंड वस्तीची जनावरं जगवायची, एवढंच त्याचं काम. यंदा पाणी एका कडेला उरलं, म्हणून वस्तीनं गाळ काढायला माझं मशीन बोलावलं. गाळ निघाला, काळा दगड लागला. वस्तीचे प्रमुख, म्हातारे पटेल म्हणाले, "आता आलंच हाये मशीन, तर अजून दोन हात जाऊ द्या." ऑपरेटरनं दगड फोडायचा ब्रेकर लावला. मी वर चहा पीत, लोकांशी हसत-बोलत होतो, आणि खणखणणारा दगड एकदम भद्द बोलला. कप टाकून मी थांब म्हणून दोन्ही हात वर केले.

मला गुडीहत्नूरची ती विहीर दिसते. पाणी लागलेलं आहे, तरी मालक वरून ओरडतो, "अजून एक सुरुंग!" तुम्ही पहार आपटून कान देता. "खाली पोकळ हाये," म्हणता. मी तुमच्या हाताखाली नवा, शहाणपणा करतो, "मालक म्हनते तर उडवा ना." तुम्ही माझ्याकडे वळता. "कान हायेत का नुसती भोकं?" पण मालकापुढे तुमचं चाललं नाही. सुरुंग उडाला आणि दिवस मावळेपर्यंत पाणी तळाच्या भेगेतून निघून गेलं. तुम्ही घरी आलात, पहार धुतली, ताटावरून तसेच उठलात. सकाळी ती पहार माझ्या हातात दिलीत.

काल कुंडात सगळे माझ्याभोवती जमले. "काऊन थांबवलं?" मी म्हटलं, खाली पोकळ वाटते, फुटलं तर आहे तेही जाईल. एक बाई म्हणाली, "शेठ, डिझेल वाचवून राह्यले का?" लोक हसले, मीही हसलो. "मावशी, डिझेल आणता येते, पाणी कोठून आणू?" पटेल हसले नाहीत. "उथळ राह्यलं अन् पुढच्या उन्हाळ्यात आटलं, तर ढोरं तुह्या दारात आणून बांधीन." मी गाडीतून पहार आणली. आधी न फोडलेल्या दगडावर मारली. खण. खण. मग फोडलेल्या खाचेजवळ मारली. "भद्द. ऐकलं?" मी म्हटलं. कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पटेलांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि मशीन वर घ्यायला सांगितलं. काढलेल्या गाळातली चिकणमाती आम्ही त्या खाचेत परत भरली, वरून बैलं फिरवून तुडवली. आता पाण्याची वाट पाहायची, त्यांनीही आणि मीही.

पटेलांना सांगता येत नाही ते तुम्हाला लिहितो. आता तुमच्यापर्यंत कागद पोचत नाही, तो गाडीच्या सीटखाली, पहारीजवळच राहील. ब्रेकरचा आवाज बसला तो मी ऐकला, त्यात खोटं नाही. पण पहार मारली तेव्हा, बाबा, मी भद्द आधी म्हटलं. ऐकू आलं ते नंतर.