चौपदरी फडकं

सोमवार, ता. १४

चि. बेडकीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण तोंड अजून ठणठणीत आहे. लहानपणी ओढ्यातले बेडूकमासे ओंजळीत आणायचीस म्हणून पाडलेलं नाव अजून घेतो, रागावू नकोस. आता तू प्रयोगशाळेतली मोठी बाई.

आज तुझ्या प्रयोगशाळेसाठी ओढ्याच्या पाण्याच्या नमुन्याची बाटली भरायचा वार. सहा वर्षांत एक सोमवार चुकवला नाही, हे तुला ठाऊकच आहे.

गेल्या महिन्यात फोनवर तू म्हणालीस, "मामा, दगडांखालचे स्वच्छ पाण्यातले किडे दोन वर्षांत संपत आले, आणि तुमच्या बाटल्यांत गाळ जवळजवळ नाहीच. माझं गणित कुठं चुकतंय?" मी म्हणालो, "तू कशी चुकशील गं?" आणि विषय तुझ्या जेवणाखाण्यावर नेला.

दोन वर्षांपूर्वी वरच्या खाणवाल्यांनी ओढ्यात खडी धुवायला काढली, तेव्हापासून बाटलीत राख कालवल्यासारखं दिसायचं. असलं पाणी तुझ्या टेबलावर कसं पाठवू? चार लोक म्हणतील, म्हाताऱ्याला बाटली धड विसळता येत नाही. म्हणून मामीचं सुती फडकं चौपदरी केलं आणि गाळून, निवळून भरत गेलो. बाटली स्वच्छ हवी, असं तू बजावलं होतंस. मी पाणीही स्वच्छ केलं, पोरी.

परवा खाण वाढवायची सुनावणी झाली. साहेबांनी तुझे आकडे वाचले: पाणी चांगलं, परवानगीला हरकत नाही. मी मागच्या बाकावरून उठलो. "साहेब, ते पाणी गाळलेलं होतं."

"आजोबा, दोन वर्षं प्रत्येक बाटलीवर तुमचीच सही आहे की! मग सही खोटी, की तुम्ही?"

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? बैल गेला अन् झोपा केला.

आता तू खरं सांगितलंस तर तुझं दोन वर्षांचं काम मातीत आणि नावाला बट्टा. गप्प राहिलीस तर ओढा गेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मीच. काय कर म्हणून तुला सांगू?

काल अकरा दगड उलटून पाहिले. एकाखाली एकच किडा होता, पाय हलवत. दगड होता तसा हळूच ठेवला.

सोबत आजची बाटली आहे, न गाळलेली. हलवलीस तर पलीकडचं दिसणार नाही. गेल्या सोमवारचं फडकंही गुंडाळून देतोय, धुतलेलं नाही.

बाटलीच्या चिठ्ठीवर नेहमीच्या जागी सही केली आहे. इथंही तीच करतो.

नमुना घेणारा,
तुझा मामा