आठ फुटांची मंजुरी

३ मार्च
आणि वर म्हणे, चार फुटांच्या वर परवानगी लागते! इकडे परमुलखात मी दिवसभर लोकांच्या ऑफिसांत पार्टिशनं उभी करतो. आणि स्वतःच्या घराला आठ फुटी कुंपण घालायला नगरपालिकेच्या साहेबाची सही? बायकोला म्हटलं, भांड त्याच्याशी. ती म्हणाली, तिथे भांडायची खिडकी नाही, फॉर्मची आहे.
कुंपण होणारच. शेजारचा घड्याळवाला फार बघतो आमच्याकडे.

५ मार्च, जेवणाची सुट्टी
अंगणातला कॅमेरा फोनवर लावला. निघायच्या आदल्या दिवशी मीच बसवलाय. घड्याळवाला सकाळपासून अकरा वेळा इकडे बघून गेला. थेट कॅमेऱ्यातच बघतो, इतका निर्ढावलेला! त्याच्या बायकोने चार चादरी वाळत घातल्या, एक फाटकी. आपल्याला काय करायचंय म्हणा.

८ मार्च
निश्चय: फोन दिवसातून दोनदाच बघायचा.

८ मार्च, दुपार
सातव्यांदा बघितला ते बरंच झालं. घड्याळवाला आमच्या दारात शिडीवर! आईला बल्ब बदलून देत होता. निमित्तं शोधतो. तो बल्ब मी आल्यावर बदलणारच होतो.

११ मार्च
फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना आहे. बायकोने लिहिलं, नवऱ्याची इच्छा. खोडायला लावलं. कॅमेऱ्यातले बावीस फोटो निवडून पुरावा म्हणून पाठवले, एकेकावर वेळ टाकून. ती म्हणाली, हे जोडू नका, तोंडघशी पडाल. बारावी झालेली माणसं घाबरटच. मी सातवी नापास, पण पुरावा कशाला म्हणतात ते कळतं मला.

१४ मार्च
साहेब पाहणी करून गेला. नेमका तेव्हा सुपरवायझर डोक्यावर उभा, फोन काढता येईना. त्या नादात दाराची चौकट उलटी बसली. त्याने विचारलं, लक्ष कुठे असतं रे तुझं? घरी. दुसरं कुठे असणार?
बायको सांगते, साहेबाने बावीसही फोटो निरखून पाहिले, मग घड्याळवाल्याला बोलावून दाखवले. गेला बाराच्या भावात!

१९ मार्च
मंजुरी आली! पूर्ण आठ फूट! खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजला.

१९ मार्च, संध्याकाळ
मंजुरी घड्याळवाल्याच्या नावाने आहे. त्यानेही अर्ज टाकला होता, माझेच फोटो जोडून. साहेब बायकोला म्हणाला म्हणे, बाविसातल्या एकाही फोटोत तुमचं अंगण नाही, सगळं ह्या शेजाऱ्यांचंच घर दिसतंय. आमच्या बाजूने ना-हरकतीवर आईने सही केली. आईने! विचारलं तर म्हणते, अरे, तुझ्या त्या डोळ्यापुढे डोकं खाजवायची चोरी झालीय मला. वाटतं, तू मोजतोयस.

२३ मार्च
बायकोने कॅमेरा काढून डब्यात ठेवला. म्हणाली, आम्हाला बघायचं असेल तर घरी या, नाहीतर फोन करून बोला. बोलू काय? पूर्वी मला सगळं आधीच माहीत असायचं. आता विचारावं लागतं.
विचारलं. आईचा गुडघा महिनाभर दुखतोय. कॅमेऱ्यात दिसला नव्हता.

३० मार्च
एका अर्थी जिंकलोच. कुंपण आठ फुटीच झालं, आकडा माझा. फळ्यांची गुळगुळीत बाजू तेवढी घड्याळवाल्याकडे गेली. आणि मधे एक दार ठेवलंय, आईने हट्टाने ठेवून घेतलं. रात्री-अपरात्री हाक मारली तर त्याला पटकन येता यावं म्हणून.
हद्द सामाईक, त्यामुळे कुंपणाचा निम्मा खर्च आमचा. दाराचा सगळा. आज पाठवतोय, चौदा हजार तीनशे.