दोनशे चाळीसचे वल्हे

मी, वय वर्षे एकाहत्तर, कयाकची, म्हणजे चिंचोळ्या होड्यांची, वल्ही घडवणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. मूळ प्रत कुठे ठेवणार, हे वकिलांनाही सांगितलेले नाही.

१. राहते घर भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. माझ्या किल्ल्यांवर तिचा डोळा आहे असा मला संशय आहे. तरीही घर तिलाच.

२. रंधे, पटाशा, मापाची फळी हेही तिलाच. अट एकच. वल्हे देताना माणसाची उंची पाहावी, तशी कयाकची रुंदीही पाहावी. रुंद कयाकला आखूड वल्हे दिले तर पाते पाण्याला नीट पोचत नाही आणि बोटे कयाकच्या काठावर आपटतात. समोरचा दुकानदार सगळ्यांच्या गळ्यात एकच माप मारतो. त्याला माझ्या शेडची पायरी चढू देऊ नये, सांत्वनालाही नाही.

३. तळ्याकाठची शेड धाकट्या भावाला. कारण लिहिणे भाग आहे. बावीस वर्षांपूर्वी तो रुंद कयाक घेऊन तळे ओलांडायला निघाला. म्हणाला, "ताई, दोनशे चाळीसचं दे." दोनशे चाळीस सेंटिमीटर लांबीचे ते वल्हे माझे सर्वांत चांगले होते. हा ते परस्पर विकणार, असे माझ्या मनाने घेतले. "संपलं," म्हणून मी दोनशे दहाचे त्याच्या हातात ठेवले. तळ्याच्या मध्यावर वारा सुटला. कयाक आवरेना, खडकावर आदळली. काठ आणि खडक यांच्यात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. घरी त्याने सांगितले, पाय घसरला. त्याच्या गप्प बसण्यामागे काहीतरी डाव असणार, असे धरून मी इतकी वर्षे सावध राहिले.

ता. क. काल त्याला बोलावून हे वाचून दाखवले.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "हाताला पट्टी बांधून आलो, तेव्हाच दाराआड ते वल्हं दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, दाराआड डोकावलासच कशाला."

आता हा काय मागणार, असे तेव्हाही माझ्या मनात आले. त्याने विचारले, "जेवलीस का?"

कलम तीन कायम.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई; तळ्यावरचा पहारेकरी. दोघांनी माझ्यासमोर, माझ्याच पेनने सही केली.

स्थळ: तळ्याकाठची शेड. मंगळवार, १४ मार्च.

लिहिणारीची सही